पुसट होणारे ठिपके

विल्यम हार्वे यांनी १६२८ साली रक्ताभिसरण सिद्ध केलं. मात्र धमनीतलं रक्त शिरेत नेमकं कुठून शिरतं, हे त्यांना अखेरपर्यंत दाखवता आलं नाही. तो दुवा १६६१ मध्ये मार्चेल्लो माल्पिगी यांना बेडकाच्या फुप्फुसात सापडला. त्याच्या चार वर्षं आधीच हार्वे वारले होते.

हा दुवा म्हणजे केशवाहिनी. तिची रुंदी पाच ते दहा मायक्रॉन, तर तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉनची. अनेक ठिकाणी ती अंग मुडपूनच पुढे सरकते. ऊतींना प्राणवायू मिळतो तो इथेच. जिवंत माणसाच्या कातडीखाली चाललेली ही ये-जा सुई न टोचता कशी पाहायची?

पहिलं उत्तर लेझरनं दिलं. हलत्या पेशीवरून परतलेल्या प्रकाशाची वारंवारता डॉप्लर परिणामामुळे किंचित बदलते. पेशीचा वेग सेकंदाला जेमतेम मिलिमीटरभर, त्यामुळे हा फरक काही किलोहर्ट्झच्या पलीकडे सहसा जात नाही. प्रकाशाच्या मूळ वारंवारतेपुढे तो नगण्यच. पण स्थिर ऊतींवरून परतलेला प्रकाशही त्यात मिसळतो. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा जराशा बेसूर असल्या की आवाज हेलकावतो, तसा हा प्रकाश हेलकावतो आणि ते हेलकावे मोजता येतात. मायकेल स्टर्न यांनी १९७५ मध्ये ‘नेचर’मध्ये हे मांडलं. पुढे झोत फिरवून नकाशेही निघू लागले, पण एकेक बिंदू टिपत जायला मिनिटं लागत. तेवढा वेळ रुग्णानं निश्चल पडून राहायचं. भाजलेल्या लहान मुलाला हे सांगून पाहा!

दुसरं उत्तर एका त्रासातून निघालं. खडबडीत पृष्ठावर लेझर पडला की काळ्या-उजळ कणांची रवाळ नक्षी दिसते. (लेझर यायच्या सतरा वर्षं आधी, १९४३ मध्ये, गो. ना. रामचंद्रन यांनी विवर्तनानं पडणाऱ्या प्रकाशवलयांमधल्या अशाच रवाळपणाचा अभ्यास केला होता.) होलोग्राफी करणाऱ्यांना ही नक्षी नकोशी होती. पृष्ठाखाली काही हलत असेल तर मात्र ठिपके थरथरतात आणि काही मिलिसेकंदांच्या छायाचित्रात पुसट होतात. जिथे रक्त वेगानं वाहतं, तिथे पुसटपणा जास्त. फर्चर आणि ब्रायर्स यांनी १९८१ मध्ये ही कल्पना मांडली तेव्हा फिल्म धुवावी लागे. डिजिटल कॅमेरा आल्यावर खरी सोय झाली. २००१ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी उंदराच्या मेंदूतला बदलता रक्तप्रवाह याच रीतीनं चलच्चित्रासारखा टिपला.

या दोन्ही रीतींच्या चित्रांत प्रवाह रंगांनी दाखवतात; त्या रंगांवर मात्र माझा अर्धाच विश्वास आहे. लाल म्हणजे भरपूर, निळा म्हणजे तुटपुंजा, इतकं सरळ ते नाही. दंडावर पट्टा आवळून प्रवाह पूर्ण थांबवला तरी यंत्र शून्य दाखवत नाही, कारण ऊतींतले कण तरीही थरथरत असतात. आकड्याला मिलिलिटरसारखं एकक नाही. मेलॅनिन प्रकाश शोषतं, म्हणून सावळ्या आणि गोऱ्या हाताचे आकडे शेजारी ठेवून निष्कर्ष काढणं धोक्याचं. पट्टा सोडल्यावर त्याच जागी प्रवाह किती उसळला, किती वेळात ओसरला, ही तुलना मात्र भरवशाची. मधुमेह किंवा थंडीनं बोटं पांढरी पडणाऱ्या रेनोच्या विकारात संशोधक तीच पाहतात, तीही खोलीचं तापमान स्थिर राखून आणि आधी चहा-कॉफी, सिगारेट वर्ज्य करून.

सर्वांत थेट उपयोग भाजलेल्या जखमांसाठी. जखम वरवरची असेल तर खालचं रक्ताभिसरण शाबूत राहतं आणि कातडी आपोआप भरते. खोल असेल तर त्वचारोपण करावं लागतं. मधल्या प्रतीच्या जखमेत अनुभवी सर्जनही बऱ्याचदा चकतो. इंग्लंडच्या ‘नाइस’ या आरोग्यविषयक मार्गदर्शक संस्थेनं २०११ मध्ये अशा जखमांसाठी लेझर डॉप्लर चित्रणाची शिफारस केली. पहिले दोन दिवस जखमेतला प्रवाह अस्थिर असतो, म्हणून चित्र काढायचं ते साधारण दोन दिवस उलटल्यावर, पाचव्या दिवसापर्यंत. त्याआधी मलम आणि सुटलेली कातडी काढून जखम स्वच्छ करावी लागते. गोंदण असलेली जागा मात्र हिशेबातून वगळलेलीच बरी. शाई प्रकाश गिळते आणि धडधाकट कातडीही नकाशात निळी उमटते.