मेनिंजायटिस : दुखणें आणि दुखण्यानंतर

आमच्या घरीं १९७१ सालच्या पावसाळ्यांत जें घडलें, तें सांगितल्याखेरीज या विषयास हात घालणें मला प्रशस्त वाटत नाहीं. त्या वेळीं कोंकणांतील आमच्या वाड्यांत लहानथोर मिळून एकोणीस माणसें नांदत होतीं व मी नवव्या इयत्तेंत शिकत होतों. धाकट्या काकांची मुलगी दीड वर्षांची होती. एके सकाळीं तिला ताप भरला. दांत येत आहेत म्हणून ताप आला, असें आजीचें मत पडलें. दृष्ट लागली, असें थोरल्या काकूंचें. आणि दोन्ही मतांप्रमाणें यथासांग उपचारही झाले. दुपारीं मुलीस दोनदां वांती झाली. तिला उचलून घेतलें कीं ती अधिकच किंचाळे, आणि खालीं ठेविली म्हणजे कण्हत पडून राही. आईनें कडेवर घेतल्यानें मूल शांत व्हावयाचें. येथें सगळें उलटेंच चाललें होतें. तिच्या आईच्या हें ध्यानांत आलें होतें; परंतु धाकट्या सुनेनें वडील मंडळींपुढें आपलें म्हणणें किती रेटावें, याची त्या काळीं मर्यादा ठरलेली असे. तिसऱ्या दिवशीं पहांटे मुलीस झटका आला व मान मागें ताठली, तेव्हां कोठें एस्. टी. गांठून तिला जिल्ह्याच्या गांवीं नेलें.

तेथें डॉक्टरांनीं पाठीच्या कण्यांतील पाणी काढून तपासावें लागेल असें सांगितलें. आजोबांनीं साफ नकार दिला. असें पाणी काढलें म्हणजे माणूस पांगळें होतें, असें त्यांनीं कोठेंसें ऐकलें होतें. त्यांची समजूत पडेपर्यंत रात्र झाली. मग पेनिसिलीन व क्लोरॅम्फेनिकॉल यांच्या सुया सुरू झाल्या आणि दोन आठवड्यांनीं मुलगी हंसतखेळत घरीं आली. वाड्यांत पेढे वाटले. पुढें दिवाळींत अंगणांत फटाक्यांची माळ लागली, तेव्हां सगळीं मुलें कानांवर हात ठेवून पळालीं. ही मात्र पाठमोरी बसून पणतीशीं खेळत राहिली. काकूनें मागून टाळी वाजविली, मग पितळेचें ताट वाजविलें. त्या दिवशीं आमच्या घरांत फराळास कोणी शिवलें नाहीं.

पुढें मी शिक्षकाचा पेशा पत्करला; परंतु या दुखण्याविषयीं जें जें वाचावयास मिळे तें टिपून ठेवण्याची संवय तेव्हांपासून लागली.

मेनिंजायटिस हा शब्द ग्रीक ‘मेनिंक्स’, म्हणजे पातळ पडदा, यावरून झाला आहे. मेंदू व पृष्ठरज्जु यांभोंवतीं तीन आवरणें असतात. बाहेरच्या चिवट आवरणास लॅटिन भाषेंत ‘कठीण माता’ आणि सर्वांत आंतल्यास ‘कोमल माता’ अशा अर्थाचीं नांवें आहेत. मधलें कोळ्याच्या जाळ्यासारखें, म्हणून त्याचें नांव कोळ्यावरून पडलें. ही ‘माता’ आली अरबी वैद्यांच्या ग्रंथांतून. ते या पडद्यास मेंदूची आई म्हणत. लॅटिन भाषांतरकारांनीं तो शब्द जसाच्या तसा उचलला. अरबांची ही कल्पना मला फार गोड वाटते. या आवरणांच्या दरम्यान पाण्यासारखा नितळ द्रव खेळत असतो. त्यांत जंतु शिरले म्हणजे दाह होतो, सूज येते. आणि कवटी पडली हाडाची, तेव्हां सुजेस पसरावयास जागाच नसते. सगळा अनर्थ आहे तो येथें.

आपल्याकडे यास सरसकट ‘मेंदूज्वर’ म्हणतात, व डासांमुळें फैलावणाऱ्या जपानी मेंदूज्वरासही तेंच नांव देतात. पण तो दाह खुद्द मेंदूचा, हा आवरणांचा. नांवाच्या या घोटाळ्यामुळें घरांतला खोकणारा मनुष्य दृष्टीआड राहतो आणि मंडळी डासांच्या पाठीं लागतात.

उन्हांत हिंडल्यानें, डोक्यावरून गार पाणी घेतल्यानें किंवा परीक्षेच्या अभ्यासानें हें दुखणें होत नाहीं. विषाणूंमुळें होणारा प्रकार अधिक आढळतो व तो बहुधा सौम्य असतो. विश्रांति घेऊन आठदहा दिवसांत माणूस हिंडूंफिरूं लागतो. घातक असतो तो जीवाणूंचा. त्यांत न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस व हिमोफिलस हे तिघे प्रमुख. आणि विलक्षण गोष्ट ही कीं, हे जंतु धडधाकट माणसांच्या नाकांत व घशांत निमूटपणें वस्ती करून असतात. दहा निरोगी माणसांचे घसे तपासले तर एखाद्याच्या घशांत मेनिंगोकॉकस सांपडावा. खोकला, शिंक, मुका, दाटीनें एकत्र निजणें, या वाटांनीं तो दुसऱ्याकडे जातो. बहुतेकांच्या ठिकाणीं तो कांहीं दिवस राहून निघून जातो. क्वचित् कोणाच्या रक्तांत शिरतो व तेथून आवरणांत उतरतो. तान्हीं मुलें, वृद्ध, प्लीहा काढलेले लोक व ज्यांची प्रतिकारशक्ति खालावली आहे असे रोगी यांस भय अधिक. दाटीच्या जागीं त्याची सांथही येते. दिल्लींत १९६६, १९८५ व २००५ या सालीं ती आली होती. १९८७ सालीं हाजच्या यात्रेंत ती उद्भवली, व त्यानंतर यात्रेकरूंस लस टोंचून घेणें सक्तीचें झालें. घरांत एकास मेनिंगोकॉकसचा आजार झाला तर डॉक्टर निकट सहवासांतील सर्वांस प्रतिबंधक औषध देतात; तें न चुकतां घ्यावें, आपणांस कांहीं झालेलें नाहीं म्हणून बाजूस ठेवूं नये.

आणखीही वाटा आहेत. वाहणारा कान आपल्या घरांतून क्षुल्लक मानला जातो. पण जुनाट कानाचा पू हाड पोंखरीत मेंदूच्या आवरणापर्यंत पोंचूं शकतो. नवजात मुलास जन्माच्या वेळीं आईकडून जंतु लागूं शकतात. एकत्र कुटुंबांस मुद्दाम सांगावयाचें तें क्षयाच्या मेनिंजायटिसविषयीं. हा एकाएकीं येत नाहीं. दोन-तीन आठवडे मूल किरकिरें होतें, खात नाहीं, खेळत नाहीं, बारीक ताप व डोकेदुखी असते, आणि मग वांत्या व गुंगी सुरू होते. अशा मुलाच्या घरीं शोध घेतल्यास, महिनोन्महिने खोकणारें व ‘माझा हा जुनाच खोकला’ म्हणणारें एखादें वडील माणूस पुष्कळदां सांपडतें. त्या वडील माणसाच्या थुंकीची तपासणी ही नातवंडाच्या जिवाची राखण आहे. जन्मतः दिली जाणारी बी. सी. जी. लस मोठ्या माणसाचा क्षय फारसा थोपवीत नसली, तरी मुलांतील या भयंकर प्रकारापासून पुष्कळ रक्षण करते.

आतां ओळखावें कसें? मोठ्या माणसास ताप, असह्य डोकेदुखी, ताठ मान, उजेड न सोसणें, वांती, आणि भ्रम किंवा गुंगी. हीं सगळीं एकदम दिसतील अशी वाट पाहूं नये. वृद्धांत कधीं कधीं केवळ बरळणें एवढेंच दिसतें. तान्ह्या मुलाची मान ताठ होईलच असें नाहीं; त्याची टाळू फुगलेली, रडणें किरट्या आवाजाचें, अंगावर पिण्यास नकार, आणि उचलल्यावर अधिक रडणें हीं चिन्हें पाहावीं. अंगावर लाल-जांभळे ठिपके उठले असतील तर त्यांवर कांचेचा पेला दाबून धरावा. दाबूनही ठिपका मावळला नाहीं, तर घड्याळाकडेसुद्धां न पाहतां इस्पितळ गांठावें. सांवळ्या अंगावर ठिपके चटकन दिसत नाहींत, म्हणून तळहात, तळपाय व पापण्यांची आंतली बाजू पाहावी. जीवाणूंचा मेनिंजायटिस चोवीस तासांच्या आंत धडधाकट माणूस नेतो.

माझ्या आजोबांची जी भीति होती ती आजही घरोघर ऐकूं येते. पाठीच्या कण्यांतून सुईनें द्रव काढण्याची ही रीति जर्मनींतील क्विंके या वैद्यानें १८९१ सालीं रूढ केली. पृष्ठरज्जु कमरेच्या वरच्या अंगासच संपतो. सुई टोंचतात ती त्याच्या बरीच खालीं, जेथें केवळ द्रव व मोकळे मज्जातंतु असतात. प्रौढ माणसाच्या ठिकाणीं हा द्रव सुमारें १५० मिलिलिटर असतो आणि शरीर रोज अर्धा लिटर नवा तयार करतें. काढतात तो चार-दोन चमचे. तो गढूळ निघाला, त्यांतील साखर उतरलेली दिसली, कीं जीवाणूंची शंका बळावते. हें गणित १९७१ सालीं कोणी आजोबांस समजावून दिलें असतें तर तो एक दिवस वांचता. रोग्याची अवस्था पाहून सुई लांबवावी लागली, तरी डॉक्टर औषध लांबवीत नाहींत.

औषधाची कथा थोडक्यांत सांगतों. जिनिव्हा शहरांतील सांथीचें वर्णन १८०५ सालीं व्ह्यूसो यांनीं लिहिलें. १८८७ सालीं व्हिएन्ना येथें वाइक्सेलबाउम यांनीं जंतु ओळखला. त्या काळीं बहुतेक रोगी दगावत. पुढें फ्लेक्सनर यांचा घोड्याच्या रक्तापासून केलेला रक्तरस आला; मग सल्फा औषधें, मग पेनिसिलीन. क्षयाच्या प्रकारांतून तर स्ट्रेप्टोमायसिनपूर्वीं कोणी उठतच नसे. हल्लीं शिरेंतून भारी प्रतिजैविकें देतात, व त्यांच्या जोडीस डेक्सामेथासोन हें सूज उतरविणारें औषध पहिल्या मात्रेबरोबरच देण्याचा प्रघात आहे. त्यामुळें कानांचें नुकसान कमी होतें. इतकें असूनही जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणें जीवाणूंच्या मेनिंजायटिसनें सहांतील एक रोगी दगावतो, आणि पांचांतील एकाच्या वाट्यास गंभीर वैगुण्य येतें.

येथें पुण्याचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. आफ्रिकेंत सेनेगलपासून इथिओपियापर्यंत एक पट्टा या रोगाचें आगरच आहे. १९९६-९७ च्या सांथींत तेथें सुमारें अडीच लाख लोक आजारी पडले व पंचवीस हजार मेले. त्यांस परवडेल अशी लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनें तयार केली. डिसेंबर २०१० मध्यें बुर्किना फासो देशांत ती प्रथम टोंचण्यांत आली. किंमत अर्ध्या डॉलरपेक्षांही कमी. ज्या ‘अ’ गटाच्या जंतूनें तो प्रदेश शतकभर छळला, त्याचा तेथें आज जवळजवळ मागमूस उरलेला नाहीं. आपल्याकडे हिमोफिलसची लस २०११ पासून व न्यूमोकॉकसची २०१७ पासून टप्प्याटप्प्यानें सरकारी लसीकरणांत आली, व दोन्ही फुकट मिळतात.

ताप उतरला म्हणजे माणूस बरा झाला, ही समजूत मात्र अजून उतरलेली नाहीं. याबाबतींत मी स्वतः अपराधी आहें. १९९० च्या सुमारास माझ्या वर्गांत आठवींतील एक मुलगा होता. शब्दरूपें घडघडा म्हणणारा, अक्षर मोत्यासारखें. महिनाभराच्या गैरहजेरीनंतर तो आला तो निराळाच. दोन ओळी पाठ होईनात, तिसऱ्या तासास डोकें बांकावर टेकी, कोणी खोडी काढली तर अंगावर धांवून जाई. मीं त्यास आळशी ठरविलें व दोनदां बांकावर उभें केलें. तिसऱ्या वेळीं त्याची आई शाळेंत आली आणि इस्पितळाचे कागद तिनें माझ्यापुढें ठेविले. रागाचा एक शब्दही ती बोलली नाहीं. ती रागावती तर मला सोपें झालें असतें. या दुखण्यानंतर थकवा, डोकेदुखी, विस्मरण, चित्त न लागणें, चटकन संताप येणें, हें सर्व महिनोन्महिने राहूं शकतें, व तें ढोंग नव्हे. आधीं अर्धा दिवस शाळा, कमी गृहपाठ, दुपारची झोंप, असें हळूहळू चढवीत न्यावें लागतें. त्या मुलास वर्ष गेलें. पण तो सावरला.

२०२३ सालीं माझ्या चौदा महिन्यांच्या नातीस हेंच दुखणें झालें. न्यूमोकॉकसच्या लसीची शेवटची मात्रा प्रवासाच्या गडबडींत राहून गेली होती. या वेळीं सूनबाईनें कोणास विचारलें नाहीं; मूल उचलल्यावर किंचाळतें असें दिसतांच तिनें रिक्षा बोलाविली. तासाभरांत औषध सुरू झालें. पंधराव्या दिवशीं नात घरीं आली. चार आठवड्यांच्या आंत कानांची तपासणी करून घ्यावी, असें कागदावर लिहिलें होतें; पण घरांत मुंज होती, आणि हांक मारली कीं मूल वळून पाहत होतें. मंडळी म्हणालीं, मुंजीनंतर पाहूं. मीही तेंच म्हटलें, हें लिहितांना लाज वाटते.

माझी ती चुलत बहीण मुंजीसाठीं आठ दिवस आधीं आली होती. सात वर्षांची झाल्यावर तिला मूकबधिरांच्या शाळेंत घातलें होतें. हल्लीं ती ओठांवरून बोलणें ओळखते आणि बाकीचें लिहून सांगते. तिनें इस्पितळाचा कागद वाचला आणि माझ्यापुढें वही धरली : ‘तपासणी केव्हां?’ दुसऱ्या दिवशीं पुन्हां तीच वही. तिसऱ्या दिवशीं सूनबाई व ती, दोघी मुलीस घेऊन गेल्या. निजलेल्या मुलाच्या डोक्यास तारा चिकटवून ही तपासणी करतात. मूल वळतें कीं नाहीं यावर ती अवलंबून नसते. उजवा कान चांगला निघाला, डावा जवळजवळ बहिरा. एका कानानें ऐकूं येत होतें म्हणून ती हांकेस वळत होती. अंतःकर्णाची जी शंखाकृति पोकळी, ती या दुखण्यानंतर थोड्या महिन्यांतच हाडानें बुजूं लागते, व मग त्यांत यंत्र बसविणें अवघड होतें, असें डॉक्टरांनीं सांगितलें. छायाचित्र काढून पाहिलें. वाट अजून मोकळी होती.

यंत्र त्याच वर्षीं बसलें. दर तपासणीची तारीख माझी बहीण तिकडून पत्रानें कळविते, आणि ती येण्यापूर्वींच सूनबाईनें दिनदर्शिकेवर खूण केलेली असते.