शेजारच्या घरातला इस्लाम

गंज पेठ, घोरपडे पेठ, भवानी पेठ, काशेवाडी, लोहियानगर. पुण्याच्या ह्या भागात आपली घरे आणि मुस्लीम बांधवांची घरे भिंतीला भिंत लागून आहेत. नळावरची रांग एक, रेशनची रांग एक. पहाटे शेजारच्या घरात दिवा लागतो, तांब्यातले पाणी ओतल्याचा आवाज होतो, हे आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो. ईदला तिकडून शीरखुर्म्याची वाटी येते, भीमजयंतीला इकडून गोडाचे ताट जाते. एवढी ये-जा असूनही त्या घरातला धर्म रोजच्या जगण्यात काय सांगतो, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? माहिती नसली की तिची जागा अफवा घेते, आणि अफवेची किंमत दोन्हीकडच्या गरिबालाच मोजावी लागते. म्हणून हा लेखनप्रपंच.

पाण्यापासून सुरुवात

इस्लामचे पाच आधार सांगितले जातात. अल्ला एक आहे व महंमद त्याचे प्रेषित आहेत अशी साक्ष देणारा कलमा, नमाज, रोजा, जकात आणि ऐपत असल्यास आयुष्यात एकदा हजयात्रा. पण सामान्य माणसाच्या रोजच्या दिवसाची सुरुवात होते ती पाण्याने. नमाजाआधी वुजू करावा लागतो. हात, तोंड, नाक, चेहरा, कोपरापर्यंत बाहू धुवायचे, डोक्यावरून ओला हात फिरवायचा आणि शेवटी घोट्यापर्यंत पाय धुवायचे. पैगंबरांच्या वचनांचे व आचरणाचे जे संग्रह आहेत, त्यांना हदीस म्हणतात. वाहत्या नदीकाठी बसला असलात तरी पाण्याची उधळपट्टी करू नका, अशी शिकवण त्यांत आहे. पाणी मुळीच नसेल तर स्वच्छ मातीवर हात टेकवून शुद्ध होता येते.

नमाज पाच वेळा. पहाटेची फजर, दुपार कलल्यावर जोहर, उतरत्या उन्हात असर, सूर्य मावळताच मगरीब आणि रात्रीची इशा. ह्या वेळा सूर्यावर ठरतात, म्हणून ऋतूप्रमाणे पुढेमागे होतात. आजारी माणसाने बसून नमाज पढली तरी चालते, प्रवाशाला ती आखूड करण्याची सवलत आहे. मोमीनपुऱ्यात शिलाईकाम करणाऱ्या एका चाचांना आम्ही विचारले, "चाचा, कामाच्या घाईत पाच वेळा उठणे परवडते का?" ते हसून म्हणाले, "बेटा, पाच वेळा उठतो म्हणून तर दिवसभर मशीनवर बसवतं!" कष्टकऱ्याचे हे उत्तर आम्हाला पटले.

खांद्याला खांदा

शुक्रवारी दुपारी जुम्म्याची नमाज जमातीने होते. मशिदीत आधी येईल तो पुढच्या रांगेत, मागून येईल तो मागे. हमालाच्या शेजारी व्यापारी उभा राहतो आणि दोघांचे कपाळ एकाच जमिनीला टेकते. नमाजासाठी पहिली हाक देण्याचा मान पैगंबरांनी बिलाल ह्यांना दिला. बिलाल हे हबशी वंशाचे, गुलामीतून सुटलेले. ज्याला बाजारात विकले जात होते, त्याच्या हाकेवर सारी वस्ती उठू लागली. ही गोष्ट आपल्या वाचकांना अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

रमजानच्या महिन्यात पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत अन्नपाणी वर्ज्य. संध्याकाळी मोमीनपुऱ्यात आणि कॅम्पात खाद्यपदार्थांच्या गाड्यांवर गर्दी उसळते, ती आपण पाहतो. पण रोजा हा केवळ पोटाचा नाही. खोटे बोलणे, शिवीगाळ, चहाडी हेही त्या काळात निक्षून टाळायचे असते. आजारी, प्रवासी, गर्भार व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया ह्यांना सूट आहे. राहिलेले रोजे पुढे भरून काढता येतात.

पैशाचा हिशेब

वर्षभर साठून राहिलेली बचत ठराविक मर्यादेपलीकडे असेल, तर तिच्यातील अडीच टक्के जकात म्हणून गरजूंना द्यावी लागते. साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी, अशी ती मर्यादा मानली जाते. ही मर्जीची भीक नव्हे. श्रीमंताच्या मालमत्तेत गरिबाचा तो हक्कच आहे, असे इस्लाम मानतो. बकरी ईदच्या कुर्बानीचे मांसही तीन वाट्यांत विभागण्याची रीत आहे: एक घरासाठी, एक आप्तस्नेह्यांसाठी, एक गरिबांसाठी. व्याज घेणे-देणे निषिद्ध आहे. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी हातावर ठेवावी, असेही हदीस सांगते. सावकाराच्या व्याजात बुडालेल्या आणि मुकादमाच्या दारात पगारासाठी ताटकळणाऱ्या कोणाही कामगाराला ह्या दोन आज्ञांचे मोल कळेल.

दोन पाण्यांची गोष्ट

वाचकहो, इथवर सांगितले ते तत्त्व. आता व्यवहाराकडे वळू या, कारण कोणत्याही धर्माची परीक्षा शेवटी व्यवहारातच होते.

१९३४ साली बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला पाहायला गेले होते. महिना रमजानचा होता. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या काही जणांनी दरवाजाबाहेरच्या हौदावर हातपाय धुतले. तेवढ्यात एक वृद्ध मुसलमान आरडाओरडा करीत धावत आला आणि ह्या लोकांनी हौद बाटवला म्हणून जमाव गोळा झाला. तेव्हा बाबासाहेबांनी त्यांना सरळ विचारले, हाच का तुमचा धर्म? उद्या एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्यालाही ह्या पाण्यावरून हटकाल का? जमाव निरुत्तर झाला. तरीही किल्ल्यात कुठे पाण्याला हात लागू नये म्हणून सोबत हत्यारी शिपाई देण्यात आला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ह्या आठवणींत बाबासाहेबांनी हा प्रसंग लिहून ठेवला आहे.

पण त्याच्या सात वर्षे आधीचा प्रसंगही विसरता कामा नये. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला दुसरी परिषद भरायची होती. चवदार तळ्याच्या पाण्यासाठी लढणाऱ्यांना सवर्णांपैकी कोणी जागा देईना. तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. मनुस्मृतीचे दहन झाले ते त्या परिषदेत. धर्म तोच आणि ग्रंथही तोच. एका ठिकाणी त्याचे अनुयायी पाण्याच्या आड आले, दुसऱ्या ठिकाणी पाणी मागणाऱ्यांच्या पाठीशी एकजण उभा राहिला.

जातीची कीड तिकडेही शिरली आहे. बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी, शिकलगार, कुरेशी, मोमीन ह्या बिरादऱ्या मूळच्या धंद्यांवरून आल्या. मशिदीत रांग एक असते, पण सोयरीक बहुधा आपापल्या बिरादरीतच पाहिली जाते. रोटी-बेटीचा हा भेद कुराणात नाही, तो ह्या मातीतला आहे.

घरातली बाई

इस्लाममध्ये निकाह हा करार आहे. साक्षीदारांसमोर मुलीची संमती विचारली जाते, आणि नवऱ्याने द्यायची मेहरची रक्कम ही तिच्या हक्काची असते. वडिलांच्या मालमत्तेत मुलीला वाटा आहे, मुलाच्या निम्मा का होईना. सातव्या शतकात ही मोठी मजल होती. पण प्रत्यक्षात मेहर कागदावर राहते, हुंडा घेतला जातो, आणि भावासाठी बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करण्याची रीत त्यांच्याकडेही आहे आणि आपल्याकडेही आहे.

तलाकसंबंधी कुराणाची वाट सबुरीची आहे. दोन्ही घरांतून एकेक मध्यस्थ नेमावा, मधे मुदत जाऊ द्यावी, विचार करावा. एका दमात तीनदा तलाक म्हणून बाईला घराबाहेर काढण्याची प्रथा मात्र शतकानुशतके चालली. हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत सात मुस्लीम महिलांचा मोर्चा काढला तो ह्याच अन्यायाविरुद्ध. पुढे २२ मार्च १९७० रोजी त्यांनी पुण्यात मुस्लीम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. 'सत्यशोधक' हे नाव कोठून आले, ते महात्मा फुल्यांच्या पुण्यात सांगायला नको. त्यांचे सहकारी सय्यदभाई ह्यांनी स्वतःच्या बहिणीच्या वाट्याला आलेला तलाक पाहिला आणि उभे आयुष्य ह्या कामात घातले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, २०२२ मध्ये ते गेले. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा तीन विरुद्ध दोन मतांनी रद्दबातल ठरवली. २०१९ च्या कायद्याने तो गुन्हाही झाला, तीन वर्षांपर्यंत कैदेचा. नवरा तुरुंगात गेल्यावर बाईने व मुलांनी खायचे काय, हा प्रश्न काही मुस्लीम स्त्रियाच विचारतात, आणि तो रास्त आहे.

त्याच २०१९ साली पुण्यातील एका मुस्लीम दांपत्याने स्त्रियांना मशिदीत प्रवेश मिळावा म्हणून सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. आपल्या आजोबा-पणजोबांनी १९२९ मध्ये ह्याच शहरात पर्वतीच्या देवळासाठी सत्याग्रह केला होता. बंद दार म्हणजे काय, हे आपल्याइतके कोणाला कळणार?

भिंतीपलीकडे विचारा

जोतीराव-सावित्रीबाईंना घर सोडावे लागले तेव्हा गंज पेठेत उस्मान शेख ह्यांनी त्यांना आसरा दिला. शेजारधर्माची ती परंपरा ह्याच पेठेतली आहे. शेजाऱ्याचे सारेच गोड मानावे असे आम्ही म्हणत नाही. जे तत्त्व समतेचे आहे त्याला मान द्यावा, जे आचरण विषमतेचे आहे त्याविरुद्ध लढणाऱ्या तिथल्या भावाबहिणींना साथ द्यावी, आणि तीच कसोटी आपल्या घरालाही लावावी. पंचशील रोज म्हणणारे आपण रोज किती पाळतो, हेही त्याच दमात विचारायला हवे.

पुढच्या वेळी त्या घराविषयी कोणी काही कानात सांगितले, तर ते चार ठिकाणी सांगण्याआधी भिंतीपलीकडच्या भाभींना हाक मारा. नळावर भेट होतेच आहे, तिथेच विचारा.