पिच्चर पाहिला, पण पाहिलं काय?

अकोटच्या बाजारात ‘माल छान आहे’ एवढ्यावर कापसाला कोणी भाव देत नाही. व्यापारी मूठभर कापूस उचलतो, चिमटीत ओढून धाग्याची लांबी बघतो, ओल बघतो, कवडी किती ते बघतो. सिनेमाच्या बाबतीत मात्र आपण ‘स्टोरी भारी होती राजेहो’ म्हणून सौदा मिटवतो.

गोष्ट म्हणजेच सिनेमा, हा सगळ्यात जुना गैरसमज. नागराज मंजुळे यांच्या २०१४ साली प्रदर्शित झालेल्या ‘फँड्री’ची गोष्ट एका ओळीत मावते: डुकरं पकडणाऱ्या कैकाडी कुटुंबातल्या जब्याला वर्गातली शालू आवडते. पण शेवटाकडे पकडलेलं डुक्कर बांबूला लटकवून घरची माणसं शाळेच्या भिंतीसमोरून जातात, तो प्रसंग आठवा. भिंतीवर आंबेडकर, सावित्रीबाई फुले, गाडगेबाबा यांची चित्रं आहेत. गाडगेबाबा आपल्या शेजारचे, अंजनगाव सुर्जीजवळच्या शेंडगावचे. त्या चित्रांबद्दल तिथं कोणी चकार शब्द काढत नाही. चौकटीत पुढे डुक्कर, मागे ती चित्रं. दिग्दर्शकाचं म्हणणं त्या मांडणीत आहे, संवादात नाही. चौकटीत काय ठेवलं, काय कुठे ठेवलं, कॅमेरा कुठे उभा आहे, हे वाचायला शिकलं की निम्मं काम झालं.

‘छायाचित्रण चांगलं’ म्हणजे डोंगर-धबधबे देखणे दिसणं, असंही समजतात. तसं असतं तर नरनाळ्याचा पावसाळा दाखवणारा प्रत्येक मोबाईल-व्हिडिओ थोर ठरला असता!

आवाज म्हणजे गाणी, हाही तसलाच समज. ‘फँड्री’तच डुक्कर हाती लागणार तोच शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी उभे राहतात आणि डुक्कर निघून जातं. तो आवाज काढून टाकला, तर प्रसंगच उरत नाही. ‘सैराट’ गाण्यांनी गाजला, पण शेवटी रक्ताळलेल्या पावलांनी लेकरू चालतं तेव्हा आवाजच बंद आहे. थिएटरात आपल्याच श्वासाखेरीज काही ऐकू येत नव्हतं.

संकलनाला लोक नुसती कात्री समजतात. शंभरेक वर्षांपूर्वी रशियातल्या लेव्ह कुलेशोव्ह यांनी एका नटाचा तोच निर्विकार चेहरा एकदा सुपाच्या वाडग्याशेजारी जोडला, एकदा शवपेटीशेजारी. पाहणाऱ्यांना आधी भूक दिसली, मग दुःख. चेहरा तसूभर बदलला नव्हता.

आता हमखास येणारा आक्षेप: ‘एवढं दिग्दर्शकाच्या डोक्यात तरी होतं काय बाप्पा? तुम्हीच चिकटवता.’ होतं की नव्हतं, हा मुद्दा नाही. पडद्यावर बोट ठेवून दाखवता येतं का, एवढंच विचारावं. दाखवता आलं तर ते विश्लेषण, नाही तर कीर्तन.

आणि पुरस्कारवाला सिनेमा म्हणजे रडगाणं, असं म्हणणाऱ्यांनी सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) बघावा. विदर्भातलंच गाव, कोरडवाहू शेती. शेजारच्या शेतकऱ्यानं जीव दिल्यावर अलकाला नवऱ्याची, किस्नाची, धास्ती बसते. ती पोरालाच त्याच्या पाळतीवर ठेवते. बाप जिथं जाईल तिथं पोरगं मागे. आपण हसतो, आणि हसताहसता आपणही किस्नाच्या हातात काय आहे ते बघू लागतो.