जुने टेबल : विकावे की द्यावे?

वरळीच्या बी.डी.डी. चाळींतील ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांऐवजी ५०० चौरस फूट! नव्या घरात जेवणाचे नवे टेबल येते. मग जुन्याचे काय? शेवटच्या दिवशी भंगारवाल्याला बोलावले तर तो म्हणेल तोच भाव. म्हणून बंधू-भगिनींनी महिनाभर आधीच हिशेब मांडावा, असे आम्ही सुचवतो.

आयकराच्या हिशेबात फर्निचरवर दरवर्षी १० टक्के घसारा धरतात. १०,००० रुपयांचे टेबल पाच वर्षांनी वहीत ५,९०५ रुपयांचे उरते. गिऱ्हाईक त्यातूनही टेम्पोभाडे आणि दुरुस्ती वजा करूनच बोलते. सागवानाला भाव टिकतो. भुशाची फळी पाण्याने फुगली की कोणी हात लावत नाही. दोन-तीन ठिकाणी विचारून मगच आपला आकडा ठरवावा.

टेम्पोभाड्याइतकेही पैसे येत नसतील, तर वस्तीतल्या अभ्यासिकेत जागा आहे का ते विचारा. त्या टेबलाभोवती चार मुले अभ्यासाला बसतील. मात्र डगमगणारे पाय आधी घट्ट करून घ्या. मोडके गळ्यात मारणे, याला दान म्हणत नाहीत.