ओझ्याच्या मानाने वाहन

चाळीसगाव तालुक्यातील शेतकऱ्याच्या दारात बैलगाडीच्या जागी आता बहुधा मालवाहू मोटार उभी असते. कांदा, कापूस, मका, लिंबू, भाजीपाला हा सारा माल तिच्यातून बाजारास जातो. परंतु सकाळी बाजाराच्या वाटेवर थांबून एखाद्या मोठ्या पिकअपच्या हौद्यात डोकावून पाहिले, तर पुष्कळदा तळाशी क्रेटांचा एकच थर आणि वरची सारी जागा मोकळी दिसते. वाहन मोठे, माल थोडा, आणि डिझेल व हप्ता मात्र पुऱ्या वाहनाचा. हा खर्च शेतातूनच निघावा लागतो. म्हणून त्याचा विचार बियाणे व खत यांच्या विचाराइतकाच काटेकोरपणे झाला पाहिजे.

गरज कशी बदलते?

उदाहरणादाखल एक कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. दोघे भाऊ एकत्र असताना त्यांची 14 एकर बागायत होती. घरचा माल आणि शेजाऱ्यांचे भाडे मिळून मोठी पिकअप रोज भरून जात असे. पुढे वाटणी झाली. प्रत्येकाच्या वाट्यास 7 एकर जमीन आली, आणि पिकअप तिच्या हप्त्यासह थोरल्याकडे राहिली. शेत निम्मे झाले, माल निम्मा झाला. हप्ता मात्र तेवढाच राहिला. वाहन विकून लहान घ्यावे, असे थोरल्याच्या मनात येते. तरण्या मुलाला ते पटत नाही. “नाना, लोक म्हणतील घर खाली आलं,” एवढेच तो म्हणतो. अशा वादाचा निकाल मानापमानावर लावण्यापेक्षा हिशेबाच्या वहीवर लावणे बरे.

लहान वाहनाचा पर्याय

पूर्वी असा पर्याय फारसा नव्हता. एकीकडे तीनचाकी टेंपो आणि दुसरीकडे 1986 मध्ये आलेल्या ‘टाटा 407’सारखा ट्रक, यांच्यामधली जागा बरीचशी मोकळी होती. 2005 मध्ये टाटा मोटर्सने ‘एस’ हे छोटे चारचाकी वाहन बाजारात आणले. दोन सिलिंडरांचे डिझेल इंजिन आणि पाऊण टन, म्हणजे 750 किलो, भारक्षमता असे त्याचे स्वरूप होते. लोकांनी त्याला ‘छोटा हत्ती’ हे नाव दिले. पुढे इतर कंपन्यांनीही या वर्गातील वाहने आणली. पिकअपची भारक्षमता साधारणपणे सव्वा टन किंवा त्याहून अधिक असते. म्हणजे प्रश्न उरतो तो इतकाच की, आपला रोजचा माल पाऊण टनात बसतो काय?

पाऊण टनात काय मावते?

भरलेला क्रेट त्याच्या स्वतःच्या वजनासह 22 किलोचा धरल्यास 34 क्रेटांचे 748 किलो होतात. कांद्याची गोणी 50 किलोची धरल्यास 15 गोण्यांत मर्यादा संपते. मात्र कांदा वजनाने भरतो, तर कापूस आकाराने भरतो. सुट्या कापसाने लहान हौदा काठोकाठ भरला तरी पाऊण टन होत नाही. कडब्याचेही तसेच. म्हणून किलो आणि जागा या दोन्ही बाजू पाहाव्यात.

यासाठी शेतकऱ्याने एक साधी वही ठेवावी. प्रत्येक फेरीची तारीख, माल, वजन, अंतर व डिझेल एवढ्या पाच गोष्टी तीत लिहाव्यात. शक्य तर खरीप, रब्बी व उन्हाळी हे तिन्ही हंगाम त्यात यावेत. एका महिन्याच्या नोंदीवरून घाईने निर्णय घेऊ नये.

हिशेब असा मांडावा

वरील कुटुंबाचे गाव बाजारापासून 25 किलोमीटरवर आहे असे समजू. जाऊन-येऊन 50 किलोमीटर, महिन्यात 25 फेऱ्या, म्हणजे 1,250 किलोमीटर. मोठे वाहन लिटरला साडेबारा किलोमीटर जाते असे धरल्यास 100 लिटर डिझेल लागेल. लहान वाहन 20 किलोमीटर जात असल्यास साडेबासष्ट लिटर पुरेल. साडेसदतीस लिटरची बचत, 90 रुपये दराने, 3,375 रुपये होते. मोठ्या वाहनाचा हप्ता 16,000 व लहान वाहनाचा 9,000 धरल्यास आणखी 7,000 रुपये वाचतात. वर्षातून 8 दिवस जास्त माल असतो, त्या दिवशी 3,000 रुपये भाड्याने मोठे वाहन आणले, तर वर्षाचे 24,000, म्हणजे महिन्याचे 2,000 रुपये वजा करावेत. तरीही महिन्याला 8,375 रुपये हाती राहतात. हे आकडे केवळ रीत दाखविण्यासाठी आहेत. प्रत्येकाने त्यांच्या जागी आपल्या वहीतील आकडे घालावेत.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. माल न मावल्यामुळे लहान वाहनास दोन फेऱ्या कराव्या लागल्या, तर त्या दिवशी 5 लिटर डिझेल जाते. मोठ्या वाहनाचे काम 4 लिटरमध्ये झाले असते. एका फेरीच्या दिवशी दीड लिटर वाचते, दोन फेऱ्यांच्या दिवशी एक लिटर जादा लागते. म्हणजे पाच दिवसांतून तीन दिवस दोन फेऱ्या पडल्या, की डिझेलची बचत शून्य. शिवाय दुसऱ्या फेरीचा माल लिलावास चुकतो तो वेगळाच. अशा शेतकऱ्याने मोठे वाहन ठेवणेच योग्य.

जादा भार हा खोटा नफा

लहान वाहन घेऊन त्यात मोठ्या वाहनाचा माल भरणे ही सर्वांत घातक चूक होय. नोंदणी प्रमाणपत्रावर रिकाम्या वाहनाचे वजन आणि भरलेल्या वाहनाचे कमाल वजन दिलेले असते. या दोहोंतील फरक हीच भाराची मर्यादा असून सोबत बसणाऱ्या माणसांचे वजनही तीतच धरावयाचे असते. मोटार वाहन कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीनंतर जादा भारासाठी 20,000 रुपये आणि प्रत्येक जादा टनास 2,000 रुपये दंड आहे; जादा माल उतरवून ठेवावा लागतो तो निराळाच.

दंडापेक्षाही मोठे भय घाटाचे आहे. चाळीसगावहून कन्नडकडे जाताना डोंगराची तीव्र वळणे लागतात. उतारावर जादा भार असलेल्या वाहनाचे ब्रेक सतत दाबल्याने तापतात आणि ऐन वळणावर त्यांची पकड सुटते. चढाला जो गिअर लागतो त्याच गिअरने उतार उतरावा, हा नियम लहान वाहनासही लागू आहे. बैलांची जोडी पाहून गाडी भरणाऱ्या शेतकऱ्याला हे निराळे सांगावयास नको. पण इंजिन बैलासारखे थांबून दम खात नाही, म्हणून त्याची कुवत चालकाने स्वतःच ओळखावी लागते.

हप्ता मात्र वाट पाहत नाही. ऑगस्ट 2021 च्या अखेरीस अतिवृष्टीने तालुक्यात पूर आला आणि कन्नड घाटात दरडी कोसळून वाहतूक बंद पडली. अशा वेळी वाहन दारात उभे राहते, भाडे बंद होते, पण कर्जाची तारीख ठरल्याप्रमाणे येते. आपत्तीच्या काळात लहान हप्ता पेलणे सोपे जाते.

बदल करण्यापूर्वी

जुन्या कर्जाचे थोडेच हप्ते उरले असतील तर ते फेडून तेच वाहन वापरावे. विक्रीची किंमत बाकी कर्जापेक्षा कमी येत असेल तर घाई करू नये. विक्रीच्या वेळी वित्तसंस्थेचा ना हरकत दाखला घेऊन नोंदणीवरील कर्जाचा बोजा उतरवावा. वाहन नव्या मालकाच्या नावे झाल्याची परिवहन कार्यालयात खात्री करून घ्यावी. नुसत्या कच्च्या कागदावर वाहन देऊ नये, कारण नोंद बदलेपर्यंत अपघाताची जबाबदारी जुन्या मालकावर येऊ शकते. भरलेल्या अवस्थेत 3,000 किलोपर्यंत एकूण वजन असलेल्या मालवाहू वाहनास परवान्यातून सूट आहे. ही बाबही नवे वाहन निवडताना ध्यानात घ्यावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी दोन कामे आवर्जून करावीत. शेतकऱ्यांसोबत बसून फेऱ्यांची वही एकदा तपासावी. आणि कांदा-कापसाच्या हंगामात चार-पाच लहान वाहनधारकांनी मिळून एक मोठे वाहन भाड्याने घ्यावे, अशी जुळणी करून द्यावी.

अंथरूण पाहून पाय पसरावे, असे वडीलधारी माणसे सांगत आली. वाहनाच्या बाबतीत अंथरूण म्हणजे रोजचा माल. वर्षातील सर्वांत मोठ्या दिवसाचा माल नव्हे. वरील कुटुंबातील मुलाने वही स्वतः लिहिली, तर वर्षाअखेर वाचलेल्या रकमेत ठिबकचा एखादा संच किंवा विहिरीची दुरुस्ती त्याला दिसू लागेल. दारातील वाहन लहान झाल्याने घर खाली येत नाही. न पेलणाऱ्या हप्त्याने मात्र येते.