नांव एक, वेली दोन

गेल्या पावसाळ्यांत एका आप्तांकडे गेलों असतां त्यांनीं गच्चीवरील कुंडींत वाढविलेली एक वेल आम्हांस मोठ्या कौतुकानें दाखविली. "ही आमची गुळवेल. रोज सकाळीं घरांतली सारी मंडळी हिचा काढा घेतात," असें ते म्हणाले. पानें हृदयाकार होतीं खरीं. परंतु कांडाला हात लावतांच तें चामखिळींनीं भरल्यासारखें खरखरीत लागलें. आम्ही कांहीं वैद्य नव्हे. पण आजीच्या सांगण्यावरून लहानपणापासून परसांतली गुळवेल तोडलेली असल्यामुळें मनांत शंका आली. कांड थोडें कापून पाहिलें, तों दुधासारखा चीक आला.

खऱ्या गुळवेलीला चीक नसतो, तशा उठावदार गांठीहि नसतात. तिची साल कागदासारखी पातळ सुटते व खालीं हिरवेपणा दिसतो. फळ वाटोळें असून पिकल्यावर तांबडें होतें. आप्तांची वेल ही हिचीच चुलतबहीण. तिचें फळ लांबट व नारिंगी असतें. शास्त्रज्ञ पहिलीला टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया व दुसरीला टिनोस्पोरा क्रिस्पा म्हणतात. रोपें विकणारे मात्र पुष्कळदां दोहींनाहि गुळवेलच म्हणतात!

ही नुसती नांवाची गंमत नव्हे. २०२० सालीं करोनाची साथ आली आणि गुळवेलीचा काढा घरोघर शिजूं लागला. २०२१ मध्यें मुंबईच्या डॉक्टरांनीं गुळवेल घेतलेल्या ६ रुग्णांच्या यकृतास इजा झाल्याचें प्रसिद्ध केलें. वनस्पतीची नीट शहानिशा केलेली नाहीं, असा आक्षेप त्यावर आयुष मंत्रालयानें घेतला. पुढें २०२२ मध्यें देशांतील १३ केंद्रांतून ४३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली, आणि खरी गुळवेलहि कांहीं प्रकृतींना बाधते असें त्या डॉक्टरांचें म्हणणें पडलें. आमच्या मतें गृहस्थानें दोन्ही पक्षांचें ऐकावें. वेल ओळखल्यावांचून तोंडांत घालूं नये; आणि ओळखीची असली तरी महिनोन्महिने चहासारखी पिऊं नये. थायरॉइडचा किंवा यकृताचा विकार असणारांनीं तर डॉक्टरांस विचारल्याखेरीज मुळींच घेऊं नये. डोळे पिवळे दिसूं लागले, तर काढा त्याच दिवशीं बंद करून दवाखाना गांठावा.

ब्राह्मीचीहि तीच गत आहे. बारीक मांसल पानांची एक आणि गोल, कंगोरेदार पानांची दुसरी, अशा दोन अगदीं निराळ्या वनस्पति त्या एकाच नांवाखालीं विकल्या जातात. दुसरीचें ग्रंथांतलें नांव मंडूकपर्णी. कारवाराकडे हिचीं पानें ओलें खोबरें, जिरें, मिरची व ताक यांसह वाटून तंबळी करितात. उन्हाळ्यांत ती भाताबरोबर फार गोड लागते.

ओव्याच्या पानांचा घोटाळा मात्र निरुपद्रवी आहे. ज्या जाड, लवदार पानांचीं आपण भजीं करितों, तें झाड मसाल्यांतल्या ओव्याचें नव्हेच! तो ओवा कोथिंबिरीच्या कुळांतला, हा पानओवा तुळशीच्या. वास तेवढा सारखा. याची फांदी कुंडींत खोंचली कीं पुरे. पाणी मात्र बेतानें घालावें, नाहींतर मुळें कुजतात. भज्यांसाठीं पानें धुऊन अगदीं कोरडीं करावीं, म्हणजे पीठ धरून राहतें.

आप्तांनीं ती वेल त्याच दिवशीं उपटली. काकूंनीं मात्र दोन दिवस आमच्याशीं धड भाषण केलें नाहीं. पुढच्या खेपेस आम्हीं आमच्या परसांतल्या गुळवेलीचीं बोटाएवढ्या जाडीचीं, वीतभर लांबीचीं कांडें नेलीं. प्रत्येकाला दोन-तीन डोळे होते. एक डोळा मातींत जाईल अशीं तीं लावलीं, आणि चढावयाला कडुनिंब नाहीं म्हणून कठड्याला सुतळी बांधून दिली. आतां वेल कठड्याच्या वर गेली आहे. कुंडीवर काकूंनीं स्वतःच्या अक्षरांत चिठ्ठी लावली आहे : "गुळवेल. विचारल्याशिवाय तोडूं नये."