अडलंय नेमकं कुठे?

शाळेत मराठीच्या तासाला वाक्यपृथक्करण करायचो, आठवतंय? कर्ता कुठला, कर्म कुठलं, क्रियापद कुठलं... कॉम्प्युटरलाही हेच करावं लागतं. आपण लिहिलेल्या ओळीची अशी फोड करणाऱ्या प्रोग्रॅमला पार्सर म्हणतात. प्रोग्रॅमिंग शिकताना सरावाला बेरीज-वजाबाकी वाचणारा छोटा पार्सर लिहायला घ्यावा, तर तिथेच गाडी अडते.

अडली की आपण जाणकाराला विचारतो, ''माझा पार्सर चालत नाहीये, बघता का जरा?'' सोबत तीनशे ओळींचा प्रोग्रॅम! त्या बिचाऱ्याने बघायचं तरी काय? डॉक्टरांना नुसतं 'बरं वाटत नाही' सांगण्यासारखंच हे. मग उत्तर येत नाही आणि आपण ठरवून टाकतो, 'आपल्याला नाही बाई जमणार!' घर-नोकरी सांभाळून रात्री शिकणारी एखादी इथेच नाद सोडून देते. वास्तविक तिची बुद्धी कमी पडलेली नसते, प्रश्न नीट मांडलेला नसतो.

समजा, पार्सरला ८-३-२ दिलं. उत्तर ३ हवं, आलं ७. आता गणित लहान करून बघा. ८-३ चे ५ आले, बरोबर. ८+३+२ चे १३, तेही बरोबर. म्हणजे घोळ एकापाठोपाठ दोन वजाबाक्या आल्या की होतोय. ७ आले कुठून? आधी ३-२ केलं आणि तो १ आठातून वजा केला. पार्सर उजवीकडून कंस घालतोय, आपल्याला डावीकडून हवेत!

आता प्रश्न असा विचारा : ''८-३-२ ला ३ हवेत, ७ येतात. ८-३ बरोबर येतं. माझा नियम असा : पदावली म्हणजे एक संख्या, किंवा संख्या, वजा आणि पुढे पुन्हा पदावली. तो उलटा करून पदावली आधी लिहिली, तर फंक्शन काहीही न वाचता स्वतःलाच बोलावत राहतं. काय करू?'' सोबत फक्त तेवढ्याच वीस-पंचवीस ओळी द्या. एररचा संदेश आला असेल तर तो जसाच्या तसा लिहा, फोटो नको.

अशा प्रश्नाला जाणकार दोन मिनिटांत सांगेल, 'पहिली संख्या वाचा. मग वजाचं चिन्ह येत राहील तोवर लूपमध्ये पुढची संख्या वाचून लगेच वजा करत जा.' सध्याच्या एआय चॅटबॉटला विचारतानाही हीच रीत उपयोगी पडते. उत्तर मिळालं की ते वापरून काय झालं, हेही आवर्जून कळवा. पुढच्या वेळी तोच माणूस आपणहून मदत करेल.

गंमत म्हणजे, प्रश्न असा निवडून-पाखडून मांडताना कित्येकदा उत्तर आपलं आपल्यालाच सापडतं. तेव्हा मैत्रिणींनो, विचारायला लाजू नका. फक्त विचारण्याआधी दहा मिनिटं प्रश्नाला द्या!